राष्ट्रीय रस्ता, क्रमांक ३१



भूगोलाचा धडा म्हटला की गंगा, गोदावरी, सह्याद्री अशी मोठी नावे येतात. या वेळी आम्ही मुद्दाम एक छोटा विषय घेतला आहे. डब्लिनच्या दक्षिण उपनगरात राहणारी तुमच्यापैकी बरीच मुले या रस्त्यावरून रोज शाळेला जातात, सुट्टीत समुद्रावर जातात, पण त्याचे नाव विचारले तर कोणालाच सांगता येत नाही. त्याचे नाव एन ३१. एम ५० या मोटरवेवर लेपर्ड्सटाउनजवळ तो सुरू होतो आणि डन लेरीच्या बंदरावर संपतो. सगळा मिळून दहा किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे ठाण्याहून कल्याणलासुद्धा पोचणार नाही एवढा! पण आयर्लंडच्या रस्त्यांच्या यादीत तो कॉर्क, गॉलवेला जाणाऱ्या लांबलांब रस्त्यांच्याच पंक्तीला बसतो. हा मान त्याला कसा मिळाला, आणि आता त्याचे काय करायचे, हा आजचा पाठ.

आधी रस्त्यांची उतरंड समजून घेऊ. महाराष्ट्रात राष्ट्रीय महामार्ग, त्याखाली राज्य महामार्ग, मग प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण मार्ग अशी पायरी असते. आयर्लंडमध्ये आपल्यासारखी घटक राज्ये नाहीत, त्यामुळे 'राज्य महामार्ग' हा शब्द इथे नाही. इथे मोटरवेला एम, राष्ट्रीय रस्त्याला एन, प्रादेशिक रस्त्याला आर आणि स्थानिक रस्त्याला एल ही अक्षरे लावतात. राष्ट्रीय रस्त्यांतही प्राथमिक आणि दुय्यम असा भेद आहे. दुय्यम रस्त्यांचे आकडे पन्नासच्या पुढे सुरू होतात, म्हणून एन ३१ हा प्राथमिक. ही एन-ची पद्धत १९७७ साली आली. त्यापूर्वी टी आणि एल अशी अक्षरे होती. डब्लिनहून फुटणाऱ्या मोठ्या रस्त्यांचे आकडे उत्तरेच्या एन १ पासून घड्याळाच्या उलट दिशेने वाढत जातात. बेलफास्टकडचा १, पश्चिमेचा ४, नैर्ऋत्येचा ७ आणि वेक्सफर्डकडे जाणारा ११. नकाशा पुढे घेऊन बोट फिरवून पाहा, गंमत वाटेल. आपला ३१ मात्र या फेरात बसत नाही. तो शहरातून बाहेर जातच नाही, शहराच्या कडेकडेने समुद्राकडे उतरतो.

मग त्याला एन का? कारण दुसऱ्या टोकाला बंदर. देशात येण्याचे आणि देशातून जाण्याचे जे दरवाजे असतात, त्यांना जोडणारा रस्ता राष्ट्रीय समजतात. हे अक्षर केवळ मानाचे नाही. राष्ट्रीय रस्त्याचा खर्च मुख्यतः सरकारच्या रस्तेसंस्थेकडून येतो. पूर्वी ती नॅशनल रोड्स अथॉरिटी होती, २०१५ पासून ती रेल्वेच्या कामाशी एकत्र करून ट्रान्स्पोर्ट इन्फ्रास्ट्रक्चर आयर्लंड झाली आहे. म्हणजे पाटीवरच्या एका अक्षरावर खड्डा कोणाच्या पैशाने बुजवायचा हे ठरते. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला लागणार आहे.

आता निघू या. सुरुवात लेपर्ड्सटाउनला. एम ५० चा हा आग्नेयेकडचा भाग २००५ साली वाहतुकीला खुला झाला. त्याच वर्षी, २० जानेवारीला, देशातल्या वेगमर्यादेच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर आल्या होत्या. लेपर्ड म्हणजे बिबळ्या. इथे बिबळे होते का? नव्हते! मूळ आयरिश नावाचा अर्थ 'महारोग्यांची वस्ती'. मध्ययुगात डब्लिनमधल्या महारोग्यांच्या रुग्णालयाची जमीन या बाजूला होती. आयरिश शब्द इंग्रजी कानांवर पडला, कानांना तो अनोळखी वाटला, आणि त्यांनी ओळखीच्या प्राण्याला त्यात बसवले. आपल्याकडे असे कमी झाले आहे का? शीव म्हणजे गावाची हद्द. मुंबईच्या हद्दीवरची ती शीव साहेबाच्या तोंडी सायन झाली, वांद्रे बँड्रा झाले आणि पुणे पूना. इथल्या पाट्यांवर आयरिश नाव वर आणि तिरप्या अक्षरांत असते, इंग्रजी खाली. गाडीत मागे बसून मोबाइल बघण्यापेक्षा पाट्या वाचत जा. अर्धा इतिहास वरच्या ओळीत असतो.

लेपर्ड्सटाउनच्या घोड्यांच्या शर्यतीचे मैदान १८८८ चे. नाताळानंतरचे चार दिवस तिथे मोठ्या शर्यती असतात आणि मग या रस्त्यावर गाड्यांची मुंगी होते. पुढे ब्रूअरी रोड. जुन्या काळी इथे बिअर गाळण्याची भट्टी होती, तिचे नाव रस्त्याला राहिले. मग आपला रस्ता एन ११ ला मिळतो आणि थोडे अंतर त्याच्याच अंगावरून डब्लिनच्या दिशेने जातो. हा स्टिलऑर्गनचा भाग. यातला 'ऑर्गन' वाद्याचाही नव्हे आणि शरीराचाही नव्हे. 'लोर्कानचे घर' असा मूळ अर्थ. आयर्लंडचे पहिले शॉपिंग सेंटर इथे १९६६ मध्ये उघडले. तुम्हाला यात विशेष ते काय असे वाटेल, पण त्या काळी बायका भाजीची पिशवी घेऊन गावातल्या चार दुकानांत फिरत. एका छपराखाली, गाडी लावायला जागा असलेली दुकाने ही नवलाई होती. मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी बांधलेले हे पहिले ठिकाण मोठ्या रस्त्याला लागून असावे यात आश्चर्य नाही.

एन ११ सोडून आपण उजवीकडे माउंट मेरियन ॲव्हेन्यूला वळतो. हा भाग सुरेख आहे. दोन्ही बाजूंना झाडे आणि समोर सरळ उतार, थेट ब्लॅकरॉकपर्यंत. इतका सरळ रस्ता जुन्या गावात आपोआप तयार होत नाही. पायवाट नेहमी वाकडी असते, कारण माणूस चिखल टाळतो, दगड टाळतो, शेताचा बांध टाळतो. सरळ रस्ता दिसला की समजावे, कोणा मोठ्या धन्याने पट्टी ठेवून रेघ ओढली आहे. इथे तो धनी म्हणजे फिट्झविल्यम घराणे. अठराव्या शतकात त्यांचा वाडा वर माउंट मेरियनला होता आणि तिथून खाली समुद्राकडे ही वाट काढली होती. याच घराण्यातल्या सातव्या व्हायकाउंटने मृत्युपत्रात आपला चित्रसंग्रह केंब्रिजला दिला, त्यातून तिथले फिट्झविल्यम म्युझियम उभे राहिले.

खाली आलो की फ्रास्काती रोड. इथे आम्ही जरा थांबणार आहोत.

या ठिकाणी फ्रेस्काती हाउस नावाचे मोठे घर होते. इटलीतल्या एका गावावरून ते नाव ठेवले होते. लेन्स्टरच्या ड्यूकच्या कुटुंबाचे ते समुद्राकाठचे घर. ड्यूकची पत्नी एमिली हिला मुले मोकळ्या हवेत, मातीत खेळत वाढावीत असे वाटे. रूसो या फ्रेंच विचारवंताची पुस्तके तिने वाचली होती. मुलांना शिकवायला खुद्द रूसोलाच तिने बोलावले होते, तो आला नाही. त्या घरात वाढलेल्या मुलांपैकी एक लॉर्ड एडवर्ड फिट्झजेरल्ड. हा मोठा होऊन इंग्रजांच्या सैन्यात गेला, अमेरिकेत लढला, आणि परत आल्यावर आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या युनायटेड आयरिशमेन या संघटनेचा पुढारी झाला. १७९८ च्या उठावाच्या ऐन तोंडावर, १९ मे रोजी तो पकडला गेला. झटापटीत गोळी लागली होती. ४ जूनला तुरुंगात त्याचा अंत झाला. वय अवघे ३४.

हे घर १९८३ पर्यंत उभे होते. साठीच्या दशकाच्या अखेरीस जागा बांधकामासाठी विकत घेतली गेली आणि पुढची दहा-बारा वर्षे नागरिकांनी ते वाचवण्यासाठी सभा घेतल्या, न्यायालयात गेले, वर्तमानपत्रांत लिहिले. तोपर्यंत घर रिकामे पडून छप्पर, खिडक्या यांची दुर्दशा होत गेली. मग 'आता ते धोकादायक झाले आहे' असे सांगणे सोपे झाले. नोव्हेंबर १९८३ मध्ये ते पाडले. आज तिथे दुकाने आहेत आणि बाजूने रुंद रस्ता आहे. आम्हाला या गोष्टीत सर्वात बोचते ते पाडणे नव्हे, ती मधली वर्षे. पुण्यात, नाशकात, वाईत जुने वाडे असेच जातात. हातोडा शेवटी येतो, त्याआधी पन्हळ फुटते आणि ती कोणी दुरुस्त करत नाही. फ्रेस्कातीचे नाव तेवढे रस्त्याला उरले. स्पेलिंगमधले एक अक्षर बदलून.

यापुढे टेंपल हिल, आणि मग सीपॉइंट ॲव्हेन्यू. डावीकडे घरांच्या फटींतून समुद्र दिसू लागतो. खाली रेल्वे, तिच्या पलीकडे पाणी, आणि पाण्याच्या काठी एक बुटका, गोल, दगडी बुरूज. हा मार्टेलो टॉवर. नेपोलियन समुद्रातून स्वारी करील या भीतीने इंग्रजांनी १८०४-०५ मध्ये असे बुरूज किनाऱ्यावर ठिकठिकाणी बांधले. नेपोलियन आला नाही. त्याच्याशी लढायला निघालेली माणसे मात्र याच बुरुजापाशी बुडाली, आणि एन ३१ ची खरी गोष्ट तिथून सुरू होते.

१९ नोव्हेंबर १८०७. डब्लिनहून सैनिकांनी भरलेली दोन शिडाची जहाजे निघाली, 'रॉचडेल' आणि 'प्रिन्स ऑफ वेल्स'. सैनिकांबरोबर काहींच्या बायका-मुलेही होती. पूर्वेकडून वादळ आले, वर बर्फ. डब्लिनच्या उपसागरात तेव्हा वादळात शिरून आसरा घ्यावा अशी एकही जागा नव्हती. नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा, ओहोटीला पाणी उथळ. जहाजे किनाऱ्याकडे ढकलली गेली. 'प्रिन्स ऑफ वेल्स' ब्लॅकरॉकजवळ आपटले. त्याचा कप्तान आणि खलाशी होडीतून सुटले, सैनिक मागे राहिले. 'रॉचडेल' सीपॉइंटच्या बुरुजाखाली खडकांवर फुटले. किनारा काही पावलांवर होता, पण रात्र आणि हिमवादळ यांत कोणाला काही दिसले नाही. त्यातला एकही माणूस वाचला नाही. दोन्ही जहाजे मिळून सुमारे चारशे जीव गेले.

मुंबईकडच्या मंडळींना हे वाचून १७ जुलै १९४७ आठवेल. 'रामदास' बोट त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि पावसाळी समुद्रात काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते. कोकणातल्या घरांतून ही आठवण अजून निघते. आजी-आजोबांना विचारून पाहा.

सीपॉइंटच्या त्या चारशे जणांनंतर मात्र एक गोष्ट घडली. वादळात जहाजांना आत येऊन थांबता येईल असे 'आसऱ्याचे बंदर' हवे, ही मागणी लोकांनी लावून धरली. यात पुढे होता रिचर्ड टाउचर, जन्माने नॉर्वेचा, पेशाने दर्यावर्दी. म्हणजे परका माणूस, पण उपसागर ओळखणारा. अर्जांवर अर्ज झाले. अखेर ३१ मे १८१७ रोजी डनलेरी नावाच्या कोळीवाड्याजवळ पहिला दगड बसला. जॉन रेनी हा इंजिनियर. डॉकीच्या टेकडीतून ग्रॅनाइट फोडून, रुळांवरच्या गाड्यांतून खाली आणून समुद्रात टाकत गेले. ज्या मार्गाने दगड आले त्याला अजून 'द मेटल्स' म्हणतात, आणि त्यावरून आज चालत जाता येते. दोन धक्के तयार झाले, प्रत्येकी एक किलोमीटरपेक्षा लांब, खेकड्याच्या नांग्यांसारखे समुद्राला कवेत घेणारे.

१८२१ च्या सप्टेंबरमध्ये राजा चौथा जॉर्ज इथून इंग्लंडला परत गेला. तेवढ्यावर गावाचे नाव किंग्जटाउन ठेवले! राजाने काय केले, तर बोटीत चढला. त्याच्या सन्मानार्थ चार दगडी चेंडूंवर तोललेला एक स्तंभ उभारला, तो आजही बंदरापाशी आहे. शंभर वर्षे ते नाव चालले, आणि १९२० मध्ये गावाने ते टाकून आपले जुने नाव आयरिश वळणाने परत घेतले. लेअरी नावाच्या पाचव्या शतकातल्या राजाचा गड, तो डन लेरी. लिहितात वेगळे आणि वाचतात वेगळे, म्हणून आपल्यातली नवी मंडळी पहिले सहा महिने 'डन लाओघैरे' म्हणत फिरतात. लाजण्याचे कारण नाही. मराठी शिकणारी इथली मुले 'ज्ञ'शी अशीच झुंजतात.

बंदर झाले, मग बंदराला पोचायचा मार्ग हवा. १७ डिसेंबर १८३४ रोजी डब्लिन ते किंग्जटाउन ही आयर्लंडची पहिली रेल्वे धावली. मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ची, म्हणजे ही तिच्यापेक्षा अठरा वर्षांनी थोरली. किनाऱ्याने जागा घेताना बड्या जमीनदारांनी कंपनीकडून रोख भरपाई तर घेतलीच, शिवाय समुद्रस्नानाला जाता यावे म्हणून रुळांवरून खाजगी पूलही बांधून घेतले. ब्लॅकरॉकजवळ डार्टच्या खिडकीतून ते काम दिसते. कोळ्यांना काय मिळाले ते मात्र दगडात कोरलेले नाही. आपली डार्ट १९८४ पासून याच मार्गावर धावते, आणि सीपॉइंटपासून पुढे रस्ता आणि रूळ शेजारी शेजारी चालतात.

टपालाच्या बोटी होलीहेडहून किंग्जटाउनला येऊ लागल्या. पुढे १८५९ साली कार्लाइल पियर झाला आणि आगगाडी थेट बोटीच्या कडेला जाऊन उभी राहू लागली. या बोटींवर एकदा मोठा घाला पडला. १० ऑक्टोबर १९१८ च्या सकाळी 'लेन्स्टर' ही टपालबोट निघाली आणि जर्मन पाणबुडीने ती बुडवली. पाचशेहून अधिक लोक गेले. बोटीवर टपाल निवडणारे २२ कर्मचारी होते, त्यातला एकच परतला. महायुद्ध संपायला एक महिना बाकी होता. बोटीचा नांगर वर काढून बंदराजवळ ठेवला आहे.

पण या बंदराची सर्वात मोठी हकिकत बुडण्याची नाही, निघून जाण्याची आहे. १९५० ते ६० च्या दशकात सुमारे चार लाख माणसांनी आयर्लंड सोडले. देशाची वस्ती तेव्हा तीस लाखांच्या आतबाहेर होती. त्यातले फार लोक डन लेरीच्या टपालबोटीने गेले. मुलगे लंडनला, बर्मिंगहॅमला, रस्ते आणि इमारती बांधायला, आणि मुली परिचारिका व्हायला. हातात पुठ्ठ्याची पेटी, आत आईने दिलेली भाकरी. त्याआधीच्या काळात कोणी अमेरिकेला निघाला की आदल्या रात्री घरी सगळे जमत, गाणी होत, रडणे होई. त्या रात्रीला ते 'वेक' म्हणत. मेलेल्या माणसाच्या उशाशी जागतात त्यालाही तोच शब्द आहे. कारण परत भेट व्हायची नाही हे दोघांना माहीत असे.

इंग्लंडला गेलेले निदान पैसे पाठवत. दर आठवड्याच्या मनीऑर्डरवर खेड्यातली घरे चालत. आता हेच वाक्य उचला आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गावर ठेवा. एक अक्षर बदलावे लागणार नाही. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी बोटीने गेला आणि गणपतीला बोटीने आला. मालवणच्या, जयगडच्या, हर्णैच्या किनाऱ्यावर बोट लांब उभी राही आणि पडावातून माणसे उतरत. घरी म्हातारी पोस्टमनची वाट पाही. भाऊ अजिंक्य यांनी १८४१ च्या सुमारास बांधलेला भाऊचा धक्का आणि कार्लाइल पियर यांचे नाते आम्हाला सख्ख्या भावांसारखे वाटते. पुढे कोकणची प्रवासी बोट बंद पडली, एसटी आली, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली.

डन लेरीची बोटही बंद पडली. तिची अखेर मोठी झोकात झाली. १९६५ पासून मोटारी घेऊन जाणाऱ्या बोटी सुरू झाल्या होत्या. १९९६ मध्ये 'स्टेना एक्सप्लोरर' आली. विमानाच्या इंजिनाच्या जातीची टर्बाइने, ताशी चाळीस नॉट वेग, दीड हजार प्रवासी, पावणेचारशे मोटारी. नेहमीच्या बोटीला सव्वातीन तास लागत, ही ९९ मिनिटांत होलीहेडला. पण पोट भयंकर मोठे. इंधन स्वस्त होते तोवर निभावले. १९९९ मध्ये युरोपातल्या देशांदेशांतील करमुक्त विक्री बंद झाली, ती कमाई गेली. तेल महागले. स्वस्त विमाने आली. शिवाय मालाचे ट्रक डब्लिन बंदराकडे वळले. २००६ च्या अखेरीस तिथे जमिनीखालून बोगदा झाला, आणि मोटरवेवरून ट्रक सरळ बोटीच्या तोंडाशी जाऊ लागले. तसा बोगदा एन ३१ ला नव्हता. त्याला होती झाडांची माउंट मेरियन ॲव्हेन्यू, सिग्नल आणि शाळा सुटल्यावरची गर्दी. सप्टेंबर २०१४ मध्ये शेवटची फेरी झाली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कंपनीने सांगितले की पुन्हा सुरू होणार नाही. जवळजवळ दोनशे वर्षांची टपालाची आणि प्रवासाची ये-जा अशी एका पत्रकाने संपली.

२०१८ पासून बंदर कौंटी कौन्सिलकडे आहे. शिडाच्या होड्या, पोहणारे, धक्क्यावर फिरणारे आजोबा, आइसक्रीमची रांग, असे त्याचे आताचे रूप. २०२० च्या उन्हाळ्यात, कोविडच्या दिवसांत, सीपॉइंट ॲव्हेन्यूवर मोटारींना एकेरी वाहतूक करून उरलेली जागा सायकलींना दिली. ब्लॅकरॉकपासून सँडीकोव्हपर्यंत आता कुटुंबेच्या कुटुंबे सायकलने जातात.

तर मग प्रश्न असा. दरवाजाच बंद झाला, तर दरवाजाकडे जाणाऱ्या रस्त्याला राष्ट्रीय म्हणायचे कशाला? एक बाजू म्हणते, अक्षर काढा, आर करा, पैसे दुसऱ्या गरजू रस्त्याला द्या. दुसरी म्हणते, हजारो लोक रोज वापरतात, दर्जा उतरला की दुरुस्तीही उतरेल. आमचे मत विचाराल तर अक्षर गेले तरी आम्हाला फार वाईट वाटणार नाही. ठाण्याचा घोडबंदर रोड पाहा. तिथल्या खाडीवरच्या बंदरात पोर्तुगीज काळी अरबी घोडे उतरत, म्हणून ते नाव, असे सांगतात. घोडे गेले, बंदर गेले, रस्ता राज्य महामार्ग म्हणून गजबजला, आणि आता तिथे टॉवरमध्ये राहणाऱ्याला सकाळच्या कोंडीत घोडा आठवत नाही. पण नाव आहे, म्हणून कधीतरी एखादे पोर विचारते, 'बाबा, घोडबंदर का म्हणतात?' सीपॉइंटला मात्र त्या चारशे जणांचे नाव ना रस्त्याला आहे ना चौकाला. तिथे काही करता आले तर ते अक्षरापेक्षा आधी करावे.

शब्दांची ओळख. पायवाट : माणसांच्या पायांनी पडलेली वाट. पाणंद : दोन शेतांमधली, दोन्हीकडे कुंपण असलेली अरुंद वाट (आयर्लंडच्या खेड्यांत अशा पुष्कळ आहेत, त्यांना इथे बोरीन म्हणतात). बोळ : दोन घरांमधला, एक माणूस जाईल एवढा रस्ता. हमरस्ता : सर्वांच्या वापराचा मोठा रस्ता. धक्का : जिथे बोट लागते ती बांधलेली जागा. दुसरा अर्थ तुम्हाला माहीत आहेच. पडाव : किनाऱ्यावरून बोटीपर्यंत नेणारी मोठी होडी. चाकरमानी : नोकरीसाठी मुंबईत राहणारा कोकणी माणूस.

स्वाध्याय

१. 'वाट पाहणे', 'वाट लागणे', 'वाटेला जाणे' आणि 'वाट चुकणे' यांचा वाक्यांत उपयोग करा. चारही वाक्ये एन ३१ वर घडली पाहिजेत.

२. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या पाट्यांवरची तीन आयरिश नावे उतरवून आणा आणि त्यांचे अर्थ आपल्या शिक्षकांना विचारून मराठीत लिहा. मोठ्या मुलांनी त्यांतले एक नाव इंग्रजीत कसे बिघडले तेही लिहावे.

३. पालकांसाठी : तुमच्या गावाहून मुंबईला किंवा पुण्याला जाण्याचा पूर्वीचा मार्ग कोणता होता, बोट, एसटी, बैलगाडी की पायी? घरातल्या सर्वात वडील माणसाला फोन करून विचारा, त्यांच्याच शब्दांत अर्धे पान लिहून पुढच्या शनिवारी द्या. अक्षर सुवाच्य असावे, झेरॉक्समध्ये फिके उठते.